आराखड्यात म्हशी धरल्यात का?

आमच्या गावाच्या नव्या नळयोजनेचा आराखडा ग्रामसभेपुढं आला आणि तेव्हापासून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नाही. गाव भुदरगड तालुक्यात, वेदगंगेपासून जवळच. वर माळावर दोन वाड्या आणि त्यांच्याही वर डोंगरकडेला एक धनगरवाडा. जलजीवन मिशनमधून नदीवर जॅकवेल, म्हणजे मोटरीनं पाणी उचलायची विहीर, नवी उंच टाकी, गावभर एचडीपीईचे प्लास्टिक पाइप आणि घरटी एक चावी, म्हणजे नळ, असा एकूण बेत. वाद तीन चाललेत: टाकी कुठल्या गल्लीत, पाइप कुणाच्या बांधावरून आणि ठेका कुणाला. मीटर बसवायचे का, असं मध्येच कुणीतरी विचारलं. त्यावर रागाच्या इमोजींची रांग लागली आणि तो विषय तिथंच मिटला.

मी हे सगळं आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे काउंटीतल्या एका खेड्यात बसून वाचते. परदेशातून सल्ले देणाऱ्यांचा गावाला वैताग असतो आणि तो रास्त आहे. सिंगापूरला असं असतं, जर्मनीत तसं असतं, हे ऐकून आमच्या गल्लीत पाणी चढत नाही. पण इथं माझ्या घरात जे पाणी येतं ते सरकारी कंपनीचं नाही, आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या संस्थेचं आहे. म्हणून थोडं बोलते.

आधी आकडे. जलजीवन मिशन २०१९ साली जाहीर झालं तेव्हापासून खेड्यातल्या योजनेचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरवर होतो. पाइपलाइन तीस वर्षांचा विचार करून टाकायची, मोटरी पंधरा वर्षांच्या. आमच्या गावाची पुढची लोकसंख्या चार हजार धरली, तर दिवसाला दोन लाख वीस हजार लिटर झाले. कागदावर गणित बरोबर आहे. पण आमच्याकडं घरटी दोन म्हशी आहेत, काहींच्या गोठ्यात चार. सगळी मिळून हजारभर जनावरं सहज भरतील. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात पिण्याला आणि धुण्याला मिळून साठ लिटर तरी लागतात. म्हणजे रोजचे साठ हजार लिटर, आराखड्यातल्या पाण्याच्या पाव हिश्श्याहून जास्त, आणि ते आराखड्यात कुठंच नाही. जिथं गावाचा महिना दुधाच्या बिलावर चालतो, तिथं म्हशीला तहान लागत नाही असं गृहीत धरून पाइपचा व्यास काढायचा, याला काय म्हणावं!

पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खालच्या गल्लीतले लोक चावीला थेट मोटर जोडतात, गोठ्यातली टाकी भरून घेतात आणि वरच्या वाडीत नुसती हवा फुसफुसते. वाडीवाले पाणीपट्टी भरायचं बंद करतात. पट्टी थकली की जॅकवेलचं लाइट बिल थकतं, बिल थकलं की कनेक्शन तुटतं. आमच्या जुन्या योजनेचं हेच झालं. पाइप कुजले म्हणून ती बंद पडली नाही. आता नव्या योजनेत पाइप जाड आहे, टाकी मोठी आहे, बाकी सगळं तेच.

इथल्या संस्थेचं सांगते. आयर्लंडच्या खेड्यांत १९५० च्या दशकापासून लोकांनी वर्गणी काढून, स्वतः चर खणून अशा योजना उभ्या केल्या. बाहेरून ऐकायला हे फार सुंदर वाटतं. पण कित्येक योजनांचं पाणी तळ्यातून उचललेलं आणि शुद्ध न केलेलं असायचं. शेवटी २००२ मध्ये युरोपीय न्यायालयानं पिण्याच्या पाण्यातल्या जंतूंवरून आयर्लंडविरुद्ध निकाल दिला. तेव्हा सरकार हललं आणि पैसा आला. त्यात एक युक्ती केली होती, ती मला फार शहाणपणाची वाटते. संस्था मोडून एक मोठी योजना केली नाही. प्रत्येक गावाची संस्था, तिचे सभासद, तिचा हिशेब वेगळाच ठेवला, पण शुद्धीकरणाचं काम अनेक संस्थांनी मिळून एकाच ठेकेदाराला दिलं. बांधायचंही त्यानंच आणि पुढं वीस वर्षं चालवायचंही त्यानंच. आपल्याकडं बांधणारा बिल उचलून जातो आणि चालवायला उरतो गावचा पाणी सोडणारा, हातात पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची पिशवी आणि तीन महिन्यांचा थकलेला पगार.

आणि मीटर. घराला मीटर आहे. ठरलेल्या लिटरपर्यंतचं पाणी वर्षाच्या वर्गणीत येतं, त्यावर वापरलं तर पैसे. शेजारच्या शेतकऱ्याच्या गोठ्याचं मीटर वेगळं आहे, तिथं पहिल्या लिटरपासून दर लागतो. गायींना पाणी मिळू नये असं कुणी म्हणत नाही. ते धंद्याचं पाणी आहे, एवढंच. वार्षिक सभेत हॉलमधल्या घडीच्या खुर्च्यांवर बसून लोक गळतीच्या आकड्यावर जे भांडतात ते बघितलं की मला आमची दूध संस्था आठवते.

म्हणून इथं सगळं छान आहे असं नाही. शहरांना आणि गावांना पाणी देणाऱ्या सरकारी कंपनीनं घरगुती मीटर बसवायला घेतले, तेव्हा २०१४ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. मीटर बसवायला आलेल्यांना गल्लीत शिरू दिलं नाही, पाणी विकायला काढलं म्हणून घोषणा झाल्या. २०१६ मध्ये पट्टी स्थगित झाली आणि भरलेले पैसे लोकांना परत मिळाले. आज डब्लिनमधला माणूस लिटरचे पैसे भरत नाही, मी भरते. सार्वजनिक जाळ्यातलं एक तृतीयांशाहून जास्त पाणी वाटेतच मुरतं. २००७ मध्ये गॉलवे शहरात पाण्यात परजीवी सापडले आणि लोकांनी पाचेक महिने पाणी उकळून प्यायलं. श्रीमंत देशातसुद्धा पाइप जमिनीखाली गेला की सगळे त्याला विसरतात.

धाकट्या भावाशी यावर फोनवर बोलले. तो पाणी समितीत आहे. तो म्हणाला, “आक्का, तुमचं तिथलं निराळं. इथं मीटर बसवला तर रात्रीत फोडतील.” फोडतीलही. पण आमच्या गावाला मोजमाप नकोच असतं, हे मला पटत नाही. दूध संस्थेत रोज सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट मोजून त्यावर दर लागतो, एक पॉइंट कमी आला तर बायका काउंटरवर जाब विचारतात, पण फॅटचं मशीन कुणी फोडत नाही. त्याहून जवळचं उदाहरण उसाच्या पाण्याचं. कोल्हापूर जिल्ह्यात नदीवरून पाणी उचलून शेतात देणाऱ्या सहकारी पाणी संस्था किती वर्षांपासून चालल्यात. त्यांची पाइपलाइन आहे, शेतोशेती पाणी सोडणारा पाटकरी आहे, पाळी ठरलेली आहे. एकरी पट्टी उसाच्या बिलातून कापून जाते आणि कुणी चकार शब्द काढत नाही. नदीतून पाणी उचलायला बंदी, म्हणजे उपसाबंदी, लागली तर तीही पाळतात, कुरकुरत का होईना. एका एकर उसाला पाटानं पाच सेंटिमीटर पाणी दिलं तर दोन लाख लिटर जातात. म्हणजे सगळ्या गावाचं दिवसाचं पिण्याचं पाणी जवळजवळ एका एकराच्या एका पाळीत बसतं. त्या पाळीचे पैसे आपण देतो आणि पिण्याच्या पाण्याची पट्टी घरफाळ्याबरोबर वर्षानुवर्षं तुंबवतो. कारण साधं आहे. उसाचं पाणी संस्थेचं, म्हणजे आपलं. नळाचं पाणी ग्रामपंचायतीचं, म्हणजे निवडणुकीचं.

यावर भावाचं उत्तर होतं की ऊसवाल्याकडं पैसे असतात, भूमिहीन माणसाकडं नसतात. हे बरोबर आहे आणि याचं उत्तर पट्टी सगळ्यांना माफ करण्यात नाही. घरगुती वापराचा दर नाममात्र ठेवा, गोठ्याचा वेगळा लावा. चार म्हशींवाल्याचं पाणी आज एका खोलीतल्या म्हातारीच्या पट्टीतून जातंय, हे तरी थांबेल.

कोल्हापूरला पाइपलाइनचं वेड जुनंच आहे. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूर शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली आणि पाणी आलं २०२३ च्या दिवाळीत. इचलकरंजीसाठी दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेला कागलकडून विरोध झाला. सगळी भांडणं पाणी आणायचं कुठून, यावरची. आल्यावर ते कुठं जातं याचा हिशेब मागणारा मोर्चा मला आठवत नाही.

गावासाठी माझं मागणं फार नाही. धनगरवाड्याला नदीचं पाणी तीन टप्प्यांत चढवायचा बेत आराखड्यात आहे, तो काढून टाका. त्यांच्या वरच्या अंगाला झरा आहे. ऐन मे महिन्यात त्याची धार मोजा, आणि पुरत असेल तर उताराच्या पाइपनं पाणी आणा, लाइट बिलाचा प्रश्नच नाही. घरोघरी मीटर एवढ्यात नको असतील तर राहू द्यात. टाकीतून पाइप निघतो तिथं एक मोठा मीटर बसवा आणि प्रत्येक वाडीच्या फाट्यावर एकेक. इथली संस्था गळती अशीच शोधते: रात्री दोन ते चार, सगळे झोपलेले असताना मीटर फिरत असेल तर पाइप कुठंतरी फुटलाय किंवा कुणीतरी चोरून भरतंय. त्यात कुणाच्या घरात शिरावं लागत नाही.

भाऊ म्हणाला, एवढं ग्रामसभेत मांडता येईल. रात्री दोनला बॅटरी घेऊन मीटर बघायला कोण जाणार, यावर मात्र आमचं अजून ठरलेलं नाही.