बायका पुरुषांच्या तिप्पट बोलतात? नाही

'बाई दिवसाला 20,000 शब्द बोलते, पुरुष जेमतेम 7,000' असा मेसेज पुन्हा फिरतोय. हे आकडे चुकीचे आहेत. 2006 साली आलेल्या एका लोकप्रिय पुस्तकामुळे ते जगभर पसरले. त्यामागे कुणी केलेली मोजणी नव्हती आणि पुढे लेखिकेनेच ते पुस्तकातून काढले.

मोजणी नंतर झाली. 2007 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 396 विद्यार्थ्यांवरचा अभ्यास छापून आला. प्रत्येकाजवळ एक छोटा रेकॉर्डर दिला होता. तो दर साडेबारा मिनिटांनी आपोआप 30 सेकंद चालू व्हायचा, आणि कधी चालू झाला हे जवळ बाळगणाऱ्याला कळायचं नाही. त्यामुळे मुद्दाम जास्त किंवा कमी बोलायला वावच नव्हता. सरासरी निघाली ती अशी: स्त्रिया सुमारे 16,200 शब्द, पुरुष सुमारे 15,700. खरी तफावत माणसामाणसांत होती. सगळ्यात बोलका आणि सगळ्यात अबोल, दोघेही पुरुषच निघाले!

2025 च्या मोठ्या अभ्यासात 25 ते 64 वयाच्या स्त्रिया रोज सुमारे 3,000 शब्द जास्त बोलताना आढळल्या, हेही सांगायलाच हवं. पण तिप्पट? कुठेच नाही. तरीही हाच आकडा पुढे करून बैठकीत बाईला मध्येच तोडलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.