दुपारचं ऊन रात्री जाळण्याची रीत

दुपारची सौरवीज रात्री वापरायची असेल, तर सर्वात आधी बॅटरीचा विचार डोक्यातून काढा. शंभर युनिट भरले की पंच्याऐंशीच्या आसपास परत देते, आत काही हलत नाही, फिरत नाही. यात कसला पुरुषार्थ? तुम्ही टर्बाइनच घ्या. १०० मेगावॉटचं कम्बाइंड सायकल (गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर वाफेचं टर्बाइनही फिरवणारं), संध्याकाळी सहा ते रात्री बारा, निव्वळ हरित हायड्रोजनवर, म्हणजे सौरविजेनं पाणी फोडून काढलेल्या.

हिशेब किरकोळ आहे. कार्यक्षमता ६० टक्के धरा. रोज बंद-चालू होणाऱ्या यंत्राला ती मिळत नाही, पण प्रकल्प अहवालात धरायची असते. तासाला ५ टन हायड्रोजन लागेल, सहा तासांचा ३० टन. पाणी फोडणारा इलेक्ट्रोलायझर किलोमागे ५२ युनिट खातो, म्हणजे रोज साडेपंधरा लाख युनिट. त्यासाठी ३०० मेगावॉटची पॅनेलं आणि हजार-बाराशे एकर जमीन. रात्री ग्रिडला ६ लाख युनिट द्या. बाकीचे कुठे गेले असं कोणी विचारलंच, तर ‘ऊर्जा संक्रमण’ म्हणा.

पाणी किलोमागे ९ लिटर, तेही डीएम, म्हणजे क्षार काढलेलं. शुद्ध करताना आरओ फेकून देतो ते पाणी आणि यंत्र थंड ठेवायचं पाणी वेगळं. ऊन भरपूर तिथे पाणी टँकरचं. टँकर डिझेलवर चालतो, हा विषय काढू नका.

साठवणीसाठी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या डेल्टाचं उदाहरण द्या. तिथे जमिनीखालच्या मिठात दोन प्रचंड पोकळ्या कोरल्यात. तो बेत एका मोसमातली वीज दुसऱ्या मोसमात वापरण्याचा आहे, आणि त्या कामाला बॅटरी खरंच पुरत नाही. तुम्हाला दुपारचं रात्री न्यायचंय, पण एवढं कोण बघतो? आपल्या पायाखाली मीठ नाही, बसाल्ट आहे. मग सिलिंडर. नेहमीच्या ४७ लिटरच्या सिलिंडरात १५० बार दाबाला जेमतेम अर्धा किलो मावतो. साठ हजार लागतील, रचायला घ्या.

बर्नर मात्र जुनाच ठेवा. हायड्रोजनची ज्योत नैसर्गिक वायूच्या कितीतरी पट वेगानं पळते, त्यामुळे हवा आणि वायू आधीच मिसळणाऱ्या प्रीमिक्स बर्नरमध्ये ती उलटी नोझलमध्ये शिरते आणि टोक वितळवते. ते टाळायला दोन्ही ज्योतीतच मिसळणारा डिफ्यूजन बर्नर लावलात तर नॉक्स, म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं प्रदूषण, वाढतो. तो दाबायला वाफ सोडलीत की कार्यक्षमता उतरते. अहवालातले ६० टक्के तेवढे तसेच राहू द्या.

एवढं झेपत नसेल तर नैसर्गिक वायूत मिश्रण करा. ‘३० टक्के हायड्रोजन’ ठळक अक्षरांत, ‘आकारमानाने’ बारीक. घनमीटरमागे त्याची उष्णता मिथेनच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून कार्बन घटतो फक्त ११ टक्के. फलकावर ३०च लिहा.

शेवटी एक केरसुणी घ्या. ही थट्टा नाही. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून डिटेक्टर येण्याआधीची माणसं केरसुणी पुढे धरून पाइपलाइनच्या कडेनं चालायची; पेटली की गळती सापडली. बजेट एव्हाना संपलं असेलच, तेव्हा तीच घ्या आणि तिला लांब बांबू बांधा.