दिवाणजी ऐकून घेतात

सांगलीत गप्प बसून समोरच्याचे बोलणे ऐकणाऱ्या माणसाकडे लोक काळजीने पाहतात. आधी ते त्याची तब्येत विचारतात, मग घरी काही झाले का हे विचारतात आणि तरीही तो नुसती मान हलवत राहिला, तर त्याचे कुठेतरी पैसे अडकले आहेत असे ठरवून सावधपणे बाजूला होतात. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी असलेल्या मला उत्तम श्रोता होण्यासाठी या तिन्ही अवस्थांतून जावे लागले. त्यातली तिसरी धंद्याच्या दृष्टीने फारच गैरसोयीची होती, कारण दिवाणजीचे पैसे अडकले म्हणजे दुकानाचे अडकले असणार, असा यार्डाचा हिशेब असतो.

हे खूळ दुकानात आणले धाकट्या मालकांनी. पुण्याहून व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन आल्यापासून ते अधूनमधून आम्हाला सुधारतात. एके सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना पोत्यांवर बसवून सांगितले, की 1957 साली कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ‘सक्रिय श्रवण’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात समोरच्याला मध्ये तोडायचे नाही, त्याच्या शब्दांमागची भावना ओळखायची आणि त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगून ते आपल्याला नीट कळले आहे ना, याची खात्री करून घ्यायची. मोबाईल पालथा ठेवून नजरेला नजर द्यायची, ही भर धाकट्या मालकांनी स्वतःची घातली. हमालांचा मुकादम म्हणाला, “एवढं सगळं करायचं म्हटल्यावर ऐकायचं कधी?” हा प्रश्न मला आजही मूलभूत वाटतो, पण धाकटे मालक तोवर पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

दर पाडला म्हणून तावातावाने आलेल्या एका शेतकऱ्यावर मी परत सांगण्याचा प्रयोग केला. गेल्या साली हाच माल होता, हाच रंग होता आणि यंदा दराची काय ही तऱ्हा, असे तो बराच वेळ बोलला. तो थांबल्यावर मी त्याच्या डोळ्यांत पाहत शांतपणे म्हणालो, “म्हणजे यंदा दर कमी मिळाला, याचं तुम्हाला वाईट वाटतंय.”

“मग मी हितं काय भजन म्हणतोय व्हय?” त्याने विचारले आणि शेजारच्याकडे वळून, “ह्यांस्नी बरं नाही काय ओ?” अशी माझी चौकशी केली.

तेव्हापासून मी परदेशी पद्धतीतला तेवढा भाग वगळला आणि त्याच्या जागी आपला हुंकार बसवला. गोष्ट सांगणाऱ्या आजीला नातवाने ‘हं’ म्हणत राहावे लागते, नाहीतर गोष्ट बंद पडते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. ‘हं’, ‘मग?’ आणि ‘काय सांगता!’ एवढ्या भांडवलावर मी मोठमोठी गाऱ्हाणी सुखरूप पार पाडली आहेत. मध्ये न बोलण्याच्या नियमाविषयीही माझा मतभेद आहे. आमच्याकडे दुसऱ्याचे वाक्य आपण पुरे करणे हा उद्धटपणा नसतो, ती आपुलकी असते. वाक्य अर्धवट सोडून कोणी मदतीला येत नाही असे दिसले, की बोलणारा एकटा पडल्यासारखा होतो.

अर्थात ही घाई एकट्या सांगलीची नव्हे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा भाषांमधले संवाद तपासले, तेव्हा एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो, असे आढळले. साधा एक शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायला याच्या दुपटीहून अधिक वेळ लागत असल्यामुळे समोरचा बोलत असतानाच आपण आपले उत्तर शिजत घालतो, हे उघड आहे. त्या दहा भाषांत मराठी नव्हती. तिच्यासाठी ते संशोधक आमच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर येऊन बसले असते, तर आकडा शून्याच्या खाली गेला असता.

खरा रोग मात्र मध्ये बोलण्याचा नसून ‘आमच्याकडे तर’ या दोन शब्दांचा आहे. सांगलीत कोणासमोरही महापुराचा विषय काढून पाहावा. कृष्णेची धोका पातळी आयर्विन पुलाजवळ 45 फूट, आणि 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेले; त्यामुळे अनुभव सगळ्यांकडे भरपूर आहे, तुटवडा आहे तो ऐकणाऱ्यांचा. एकाने उंबऱ्याला पाणी लागले म्हणावे, तर दुसऱ्याच्या खिडकीला लागलेले असते. तिसऱ्याला पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरवलेले असते. आणि ज्याच्या घरी पाणीच आले नव्हते, त्याच्याकडे उतरलेले पाहुणे इतके होते की पूर परवडला असता. पाण्यात गेलेल्या लग्नाच्या अल्बमविषयी आमच्या शेजारच्या काकू काही सांगू लागल्या, की चौघांच्या घरातले पाणी त्यांच्यावर येते. मी दात आवळून माझे पाणी आवरले, तेव्हा त्या अल्बममध्ये काकूंच्या आईचा एकुलता एक फोटो होता, हे इतक्या वर्षांनी प्रथमच कळले.

गंमत अशी, की कान आमच्या यार्डात कमी नाहीत. सौद्याला आलेला व्यापारी ढिगातून हळकुंड उचलतो, दोन्ही अंगठ्यांनी मोडतो आणि त्या क्षणी त्याचा सारा जीव कानात आलेला असतो. नीट वाळलेले हळकुंड खणकन तुटते. ओल राहिलेले असेल, तर आवाज दबतो. तो आवाज ओळखणारे हेच कान, ढिगाशेजारी उभा असलेला हळदीचा धनी बोलू लागला की मिटतात.

मागे वाळव्याकडचे एक वयस्कर शेतकरी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, घ्यायला आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पावसाबद्दल, मग उसाच्या बिलाबद्दल, मग गुडघ्याबद्दल बोलत राहिले. एरवी मी पट्टी आणि पैसे हातात ठेवून मोकळा झालो असतो. त्या दिवशी नियम पाळायचा म्हणून ‘हं’ म्हणत राहिलो. चहा संपला, कप खाली ठेवताना ते म्हणाले, “दिवाणजी, ही पट्टी दोन नावांनी करता येईल का? धाकट्याला जरा वेगळं पाहिजे म्हणतोय.” भावाभावांत वाटणी झाली होती, आणि ती यार्डात तोंडातून काढायला त्यांना पाऊस, ऊस आणि गुडघा एवढा रस्ता चालावा लागला होता. मी पुन्हा ‘हं’ म्हणालो आणि कोऱ्या पट्ट्या पुढे ओढल्या.

मी ऐकून घेतो ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण तेव्हापासून हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, पूर्वी हळद टाकत तशी माणसे आपले बोलणे माझ्यात टाकून, वर माती लिंपून निर्धास्त जातात. थोरल्या मालकांनी एकदाच बजावले, “ऐका, पण हात चालू ठेवा.”

घरी तर मी माझे शेवटचे हत्यार गमावले. ‘मला कधी सांगितलंस?’ हा प्रत्येक नवऱ्याचा जन्मसिद्ध बचाव आहे आणि नीट ऐकणाऱ्याला तो वापरता येत नाही. ज्वारी जाडसर, गहू बारीक, वेगवेगळ्या डब्यांत आणि सातच्या आत, हे सगळे मला पाठ असल्याची सौभाग्यवतींना खात्री असल्यामुळे दळण आता कायमचे माझ्याकडे आले आहे. तक्रार नाही. गिरणीत पट्ट्याचा आणि जात्याचा एवढा घरघराट असतो, की तिथे कोणी कोणाला काही सांगू शकत नाही. गिरणीवाला बोटांनी जाड की बारीक विचारतो, मी बोटांनीच उत्तर देतो, आणि दळण झाल्यावरही थोडा वेळ तिथेच उभा राहतो.