चोरलं कुणासाठी, हे आधी विचारा

रुग्णालयातल्या कुणी कर्मचाऱ्याने मॉर्फिन किंवा फेंटानिल यासारखं व्यसन लावणारं वेदनाशामक चोरलं की दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, "सरळ आत टाका." दुसरी दबक्या आवाजात, "राजीनामा घ्या आणि मिटवा, बभ्रा नको." मला भीती वाटते ती या दुसऱ्या प्रतिक्रियेची. राजीनामा दिलेला माणूस व्यसनासकट दुसरीकडे रुजू होतो आणि तिथेही अशा अमली औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्याच हाती येते.

माझं मत असं: स्वतःच्या व्यसनासाठी चोरलं असेल, विकलं नसेल आणि कुठल्या रुग्णाच्या वाट्याचं काढून घेतलं नसेल, तर शिक्षेआधी उपचाराची संधी मिळायला हवी. आणि ती कायद्याने मिळावी, साहेबांच्या मर्जीने नको.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अशी सोय आहे. आरोपी गुन्हा कबूल करतो, पण न्यायालय त्याला दोषी ठरवण्याचं थांबवतं. किमान एक वर्ष देखरेखीखाली उपचार घ्यायचे, नशेपासून लांब राहायचं. जमलं तर खटला रद्द. नाही जमलं तर कबुली कागदावर आहेच, थेट शिक्षा. म्हणजे ही माफी नव्हे, डोक्यावर टांगती तलवार ठेवून दिलेली मुदत आहे.

२०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच पेच आला. रुग्णालयातली औषधं चोरणारी नर्स 'विश्वासाच्या पदावर' होती असं धरलं, तर तिला ही संधी नाकारता आली असती. न्यायालयाने ते मानलं नाही. खासगी नोकरीतल्या माणसाचं जनतेशी विश्वासाचं आणि अधिकाराचं खास नातं असेल तरच ते पद तसं मानायचं. नुसता मालकाचा विश्वास पुरेसा नाही. मला हे पटतं. मालकाचा विश्वास कुणावर नसतो? गल्ल्यावरच्या माणसावर असतो, रखवालदारावर असतो. तो निकष लावला तर कामाच्या जागी चोरी करणारा एकही माणूस पात्र ठरणार नाही.

पण नर्सवर रुग्णाचाही विश्वास असतो, आणि माझ्या लेखी तो मालकाच्या विश्वासापेक्षा जड आहे. म्हणून रेघ तिथे ओढावी. रुग्णाला देऊन उरलेलं औषध साक्षीदारासमोर फेकून द्यायचं असतं. ते खिशात घालणं हा गुन्हाच. पण रुग्णासाठी भरलेली सिरिंज स्वतःला टोचून त्यात सलाइन भरून ठेवणं ही फार वेगळी गोष्ट आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या एका रुग्णालयात एका तंत्रज्ञाने हेच केलं. त्याला हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा आजार होता, तो रुग्णांपर्यंत पोचला. २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. तिथे उपचाराची सवलत कुणी मागूही नये.

आता आपल्याकडे. एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याचं कलम ६४अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्या आरोपाखाली त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कल्पना चांगली, पण दोन ठिकाणी अडते. मॉर्फिनची अल्प मात्रा ५ ग्रॅमपर्यंत. एका ॲम्प्यूलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुपीत, मॉर्फिन असतं १०-१५ मिलिग्रॅम. शुद्ध औषध मोजलं तर तीनशेहून जास्त ॲम्प्यूल या मर्यादेत बसतात. पण २०२० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातल्या इतर पदार्थांचंही वजन धरायचं असा निकाल दिला. तोच हिशेब इथे लावला, तर एक मिलिलिटरच्या पाच-सहा ॲम्प्यूलमध्येच मर्यादा संपते!

दुसरी अडचण जास्त मोठी. ६४अ चोरीला लागूच होत नाही. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सेवनाच्या आरोपातून सुटलेला माणूस चोरीच्या आरोपात अडकतो, जरी चोरी त्या सेवनासाठीच असली तरी. परिवीक्षेचा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा, १९५८ चा कायदा आहे, पण त्याचा उपयोग दोषी ठरल्यानंतर. तोवर वर्षं गेलेली असतात.

चोरलेली वस्तू हेच व्यसनाचं औषध असेल, तर ६४अ चं संरक्षण चोरीच्या आरोपालाही मिळावं. रुग्णालयाची भरपाई आरोपीने करावी. व्यवसायाच्या परवान्याचा निर्णय मात्र तो देणाऱ्या संबंधित कौन्सिलने स्वतंत्रपणे घ्यावा, कारण खटला थांबला म्हणजे किल्ली परत मिळाली असं नव्हे. गुंगीत ड्यूटी करणारा माणूस चोरी न करताही घातक असतो.

"शिकलेल्यांनाच ही सवलत का?" असं कुणी विचारेल. नकोच फक्त त्यांना. फार्मासिस्ट, औषध कारखान्यातला पॅकिंग कामगार, वॉर्डबॉय, सगळ्यांना एकच अट लावा. लेखी नियम नसला की डॉक्टरच्या वाट्याला गुपचूप राजीनामा येतो आणि वॉर्डबॉयच्या वाट्याला पोलीस ठाणं.