जुन्या नाण्यांवरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे

जुनी नाणी आणि धातूची टोकने घरच्या घरी ‘नव्यासारखी’ करण्याची एक कृती समाजमाध्यमांवर सतत फिरत असते. तिचा आशय असा: सगळी नाणी एका भांड्यात व्हिनेगर आणि मीठ घालून रात्रभर भिजत ठेवावीत, सकाळी टूथपेस्ट लावून ब्रशने घासावीत, चांदीच्या नाण्यांसाठी ॲल्युमिनियमची फॉइल आणि खायचा सोडा वापरावा आणि शेवटी तेलाचा हात फिरवावा. सगळे पदार्थ स्वयंपाकघरातलेच असल्याने त्यात धोका नाही, शिवाय चमक आल्यावर नाण्याची किंमतही वाढते, असे त्यात ठासून सांगितलेले असते. नाणी चमकतात, एवढा भाग खरा आहे. बाकीचे दावे एकेक करून तपासले तर त्यांतला एकही टिकत नाही.

मुळात ही कृती मळ आणि पॅटिना, म्हणजे काळाच्या ओघात धातूवर आपोआप चढलेला थर, यांत फरकच करत नाही. माती, हातांचा तेलकटपणा, जुन्या चिकटपट्टीचा डिंक हे सारे धातूच्या वर बसलेले असते आणि ते काढले तरी धातूला काही होत नाही. तांब्यावरचा तपकिरी-काळा थर किंवा चांदीवरचा करडा थर मात्र त्या धातूचेच ऑक्साइड किंवा सल्फाइड असते, म्हणजे तो नाण्याच्या पृष्ठभागाचाच बदललेला भाग असतो. तांब्यावर हा थर घट्ट आणि एकसारखा बसलेला असेल तर तो खालच्या धातूचे पुढच्या झिजेपासून रक्षण करतो. तो उतरवणे म्हणजे नाणे सोलणेच होय.

आता व्हिनेगर आणि मीठ. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल तांब्याचे ऑक्साइड विरघळवते आणि मीठ त्या क्रियेला वेग देते, म्हणूनच काळे नाणे काही मिनिटांत गुलाबी-केशरी दिसू लागते. हा रंग टाकसाळीतून आलेल्या नाण्याचा नसतो, आणि उघडे पडलेले तांबे पुढच्या काही आठवड्यांत डागाडागांनी पुन्हा काळवंडते. टोकनांची अवस्था याहून वाईट होते, कारण बरीच टोकने पितळेची असतात. आम्ल पितळेतले जस्त आधी ओढून घेते आणि मागे तांबूस, सच्छिद्र पृष्ठभाग उरतो. तो परत पिवळा करण्याचा उपाय नाही. नुसत्या जस्ताचे टोकन आम्लात सरळ विरघळू लागते. मुलामा दिलेल्या नाण्याचा मुलामा एखाद्या सूक्ष्म छिद्रातून फुटतो: १९८२ नंतरच्या अमेरिकी सेंटमध्ये तांबे केवळ २.५ टक्के असते आणि बाकी सारे जस्त, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे काय होईल ते वेगळे सांगायला नको. ‘सगळी नाणी एका भांड्यात’ ही सूचना तर अनर्थच करते. तांबे उतरलेल्या त्या द्रावात लोखंडाचे किंवा पोलादाचे नाणे पडले की त्याच्यावर तांब्याचा लालसर लेप चढतो.

मिठाचा दुष्परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही. मिठातले क्लोराइड धातूच्या बारीक खळग्यांत अडकून राहते आणि हवेतल्या ओलाव्याबरोबर तांबे पोखरत जाते. या क्रियेत आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते, आणि हे चक्र आपोआप चालू राहते. जतनतज्ज्ञ याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. निरुपद्रवी हिरवा थर कठीण आणि गुळगुळीत असतो, तर या रोगातली फिकट हिरवी पूड लाकडी टूथपिकच्या टोकाने सहज उकरली जाते आणि तिच्याखाली खड्डा दिसतो. असे नाणे आढळल्यास ते ताबडतोब वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे. त्यावरचे रासायनिक उपचार जाणकाराच्याच हातून व्हावेत, कारण त्यांत वापरले जाणारे बेंझोट्रायझोल हे रसायन घातक आहे.

‘स्वयंपाकघरातले, म्हणून निर्धोक’ हा दावा तर माणसाच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. जुनी टोकने शिशाची असू शकतात, आणि शिशावर व्हिनेगर घातले की पाण्यात विरघळणारे, विषारी लेड ॲसेटेट तयार होते. ते भांडे पुन्हा चुलीवर चढणार असेल तर परिणामांचा विचार ज्याचा त्याने करावा. शिशाचे टोकन कोरडे घासल्यास उडणारी पूडही तितकीच वाईट.

टूथपेस्टबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तिच्यात दात घासण्यासाठी सिलिकासारखी कठीण पूड मिसळलेली असते आणि चांदी व तांबे दाताच्या कवचापेक्षा पुष्कळ मऊ असतात. न वापरलेले नाणे दिव्याखाली हळूच तिरपे करून फिरवले तर प्रकाशाचा एक पट्टा त्याच्या अंगावरून फिरताना दिसतो. ठसा पडताना धातू वाहिल्याने उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांची ती किमया असते. एकदा ब्रश फिरला की तो पट्टा विरतो आणि भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात.

फॉइल आणि सोड्याची युक्ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरी आहे, हे मान्य केले पाहिजे: ॲल्युमिनियमच्या सान्निध्यात सिल्व्हर सल्फाइडची पुन्हा चांदी होते. पण ती चांदी मूळच्या जागी मूळच्या घडणीत परत बसत नाही, त्यामुळे पृष्ठभाग निस्तेज, खडूसारखा पांढरा दिसतो. भांड्यांना ही पद्धत चालेल, नाण्यांना नाही. ॲल्युमिनियमचे टोकन चुकून धुण्याच्या सोड्यात पडले तर अल्कली तेच खाऊ लागते. तेलाचे म्हणाल तर त्यातली स्निग्धाम्ले कालांतराने तांब्याशी अभिक्रिया करतात आणि चिकट थरावर धूळ बसत राहते.

किंमत वाढते, हा दावा वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. पीसीजीएस आणि एनजीसी या प्रतवारी करणाऱ्या संस्था नाण्यांना १ ते ७० या मोजपट्टीवर अंक देतात; घासूनपुसून साफ केलेल्या नाण्याला मात्र अंक न देता तसा शेरा मारतात, आणि संग्राहक असे नाणे हातात घेताच बाजूला ठेवतो. शिवाय पॅटिना हा नाणे अस्सल आहे की बनावट हे ठरवण्याचा एक पुरावा असतो, तोही या धुलाईत जातो.

मग मळ काढायचा कसा? नाणे कडेने धरावे आणि सैल धूळ फुंकणीने उडवावी. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते भिजत ठेवावे, पाणी गढूळ झाले की बदलावे आणि शेवटी मऊ कापडाने न पुसता नुसते टिपून घ्यावे. लोखंडी नाणी मात्र पाण्यात घालू नयेत. डिंक, तेलकटपणा किंवा पीव्हीसी या प्लास्टिकच्या पाकिटांमुळे आलेला हिरवट चिकट थर शुद्ध ॲसिटोनने निघतो आणि त्याची धातूवर क्रिया होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर त्याच्याऐवजी चालत नाही, कारण त्यात रंग-सुगंध मिसळलेले असतात. ॲसिटोन काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर वापरावे. रंगवलेली, मीनाकाम केलेली किंवा प्लास्टिकची टोकने त्यात बुडवू नयेत. स्वच्छ झालेले नाणे पूर्ण वाळल्यावर पीव्हीसी नसलेल्या, म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात, सिलिका जेलची पुडी ठेवलेल्या डब्यात ठेवावे. शिशाची टोकने लाकडी खणात ठेवू नयेत, कारण लाकडातून, विशेषतः ओकच्या, तेच ॲसेटिक आम्ल वाफेच्या रूपाने सुटत असते.