‘जुना हिशेबाचा प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर चालवून दिला नाही’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की अडत दुकानाचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम आम्ही नव्या लॅपटॉपवर चालवून दिला नाही, तपासणीचे ३०० रुपये मात्र घेतले. यूट्यूबवर दाखवतात तो कंपॅटिबिलिटी मोड लावला नाही आणि विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करायलाही नकार दिला, असंही म्हटलंय. हे सगळं घडलं, ते खरं आहे. त्यामागची कारणं इथं सविस्तर लिहितो, कारण सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या, बेदाण्याच्या पेढ्यांवर असले प्रोग्रॅम अजून आहेत आणि कॉम्प्युटर बदलताना त्यांनाही हीच अडचण येते.

तुमचा प्रोग्रॅम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमचा, १६ बिटचा आहे. जुन्या कॉम्प्युटरवर ३२ बिटची विंडोज ७ होती. त्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवायची सोय आतच होती. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती सोय नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणून डबल क्लिक केलं की ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी’ एवढाच संदेश येतो. लॅपटॉप चांगला आहे, फाईलही बिघडलेली नाही. कंपॅटिबिलिटी मोड प्रोग्रॅमला विंडोजची जुनी आवृत्ती असल्याचं भासवतो आणि थोडंफार वागणं जुळवून घेतो. नसलेली सोय तो आणू शकत नाही. विंडोज एक्सपीच्या काळातल्या ३२ बिटच्या प्रोग्रॅमला त्याचा खरोखर उपयोग होतो, डॉसच्या प्रोग्रॅमला नाही.

‘थेट चालणार नाही, डॉसबॉक्स-एक्स (विंडोजच्या आत डॉस चालवून दाखवणारा प्रोग्रॅम) टाकून चालेल, पण अख्खा फोल्डर आणा’ असं आम्ही सांगितलं होतं. तुमच्या पेन ड्राईव्हवर या प्रोग्रॅमची एकच ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणारी फाईल होती. तिच्यात हिशेब नसतो. खाती आणि पावत्या डीबीएफ फाईलींत असतात, शेरे एफपीटी किंवा डीबीटीमध्ये आणि इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची, सीडीएक्स, आयडीएक्स किंवा एनटीएक्समध्ये. इंडेक्स राहिला तर बहुतेक प्रोग्रॅममध्ये रीइंडेक्स करून तो परत बनवता येतो. एफपीटी किंवा डीबीटी राहिली तर ते खातंच उघडत नाही आणि शेरे कुठूनच परत मिळत नाहीत. म्हणून यातली एकही फाईल मागे ठेवू नका.

घरी करायचं असेल तर असं करा. अख्खा फोल्डर सी ड्राईव्हवर आणा आणि त्याला इंग्रजी आठ अक्षरांच्या आतलं, मध्ये जागा न सोडलेलं नाव द्या. त्याची एक वेगळी प्रत काढून बाजूला ठेवा. डॉसबॉक्स-एक्स मोफत आहे, तो त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. तो उघडून इंग्रजीत ‘माउंट सी’ लिहा, पुढे फोल्डरचा पत्ता द्या आणि एंटर दाबा. पूर्ण सी ड्राईव्ह जोडू नका, तेवढा फोल्डरच जोडा. मग सी आणि कोलन, एंटर. मग ईएक्सईचं नाव, एंटर.

सुरू होताच ‘डिव्हाइड बाय झिरो’ किंवा ‘रनटाइम एरर २००’ आलं तर घाबरू नका. असे काही प्रोग्रॅम सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजतात आणि तो फार जास्त निघाला की त्यांचं गणित कोलमडतं. सीपीयूच्या मेनूतून सायकल्स, म्हणजे वेगाचा आकडा, ३००० वर आणा. छपाईसाठी सेटिंगमध्ये पॅरलल पोर्टला प्रिंटर जोडावा लागतो आणि आउटपुटही प्रिंटर असाच निवडावा लागतो, नाहीतर पावती कागदावर न येता चित्राची फाईल होऊन पडते. दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी तोच डेटा उघडू नका, इंडेक्स बिघडतो. जुनी मराठी नावं सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये मराठी लिहिण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्ड) टाइप केलेली असतील तर इथं ती विचित्र चिन्हांसारखी दिसतील. ती नष्ट झालेली नसतात, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या मराठी अक्षरांत, बदलून घेता येतात. नुसती जुनी बाकी बघायची असेल तर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये डीबीएफ थेट उघडते. प्रतच उघडा आणि सेव्ह करू नका.

डिफेंडरबद्दल. तुमची दुसरी फाईल ‘व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही’ म्हणत होती, म्हणजे तिला लागणारी एक जोडफाईल विंडोजमध्ये नव्हती. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाकायचं असतं, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही. कुठल्याशा साइटवरून सुटी डीएलएल उतरवायची आणि त्यासाठी संरक्षण बंद करायचं, हे आम्ही कुणाच्याच मशीनवर करत नाही. त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं काम चालतं, हे तुम्हीच सांगितलं होतं.

३०० रुपये दोन्ही फाईलींच्या तपासणीचे होते, तसं पावतीवर लिहिलंय. प्रोग्रॅम बसवून घेतलात तर ते बिलातून वजा होतील.

एक कळकळीची विनंती. जुना कॅबिनेट एक्स्चेंजमध्ये देणार असल्याचं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय. अजून दिला नसेल तर थांबा. इतक्या वर्षांच्या खात्यांची दुसरी प्रत आम्हाला तरी कुठं दिसली नाही. हार्ड डिस्क काढून आणा, तुमच्यासमोर फोल्डर दोन पेन ड्राईव्हवर उतरवून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. त्यातला एक दुकानात ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तो वरच्या मजल्यावर किंवा गावाबाहेरच्या नातेवाइकांकडे राहू द्या.