सेलेनी म्हणजे आर्टेमिस नाही!

मुलींच्या नावांवरचा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की सेलेनी हे ग्रीक चंद्रदेवी आर्टेमिसचंच दुसरं नाव, सेलेनियम हे मूलद्रव्य चंद्रावर सापडलं म्हणून त्याला तसं नाव पडलं, आणि सेलेना हे नाव तर अमेरिकन गायिका सेलेना गोमेझमुळे आत्ताआत्ता आलंय. लोक हे वाचून बाळाचं नाव ठरवतात हो, म्हणून लिहितोय.

पहिलं, आर्टेमिस. ती झ्यूस आणि लेटोची मुलगी, अपोलोची जुळी बहीण, शिकारीची देवी. सेलेनी म्हणजे खुद्द चंद्र, तिच्या आधीच्या पिढीतली, प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने तिचे आईवडील थीया आणि हायपेरियन सांगितलेत, सूर्य हेलिओस तिचा भाऊ आणि पहाट म्हणजे ईऑस तिची बहीण. नंतरच्या काळात दोघींची सरमिसळ झाली हे खरंय, पण सेलेनीची स्वतःची गोष्ट आहे ना, लॅटमॉस डोंगरावर कायमचा झोपलेला तिचा प्रियकर एंडिमिऑन आणि त्याला भेटायला येणारी ही, ती आर्टेमिसला कशी लागू होणार, आर्टेमिस तर आजन्म कुमारिका! अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर पूर्वेच्या बाजूला एका कोपऱ्यात हेलिओसचा रथ वर येतोय आणि दुसऱ्या कोपऱ्यात सेलेनीचा खाली चाललाय, त्यातल्या एका दमलेल्या घोड्याचं डोकं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, फोटो तरी बघाच.

सेलेनियमचं म्हणाल तर ते 1817 मध्ये स्वीडनमध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाला सापडलं. त्याच्यासारख्याच टेल्युरियमला पृथ्वीवरून नाव होतं म्हणून याला चंद्रावरून दिलं, बस.

आणि नाव नवीन? सेलेना हे सेलेनीचंच रूप. अहो, क्लिओपात्रा आणि मार्क अँटनीच्या मुलीचं नाव क्लिओपात्रा सेलेनी होतं, इसवी सन पूर्व 40 मधला जन्म, जुळ्या भावाचं नाव अलेक्झांडर हेलिओस, म्हणजे सूर्य-चंद्राची जोडीच. आईवडील गेले, पोरीला रोमला नेऊन विजयाच्या मिरवणुकीत फिरवलं, आणि तीच पुढे दुसरा जुबा या राजाशी लग्न होऊन मॉरेटानियाची राणी झाली, आजच्या अल्जीरिया-मोरोक्कोच्या भागात. इतकं सोसून राज्य केलेल्या बाईचं नाव आपण पॉप फॅशन म्हणून मोडीत काढतोय, याचं खरंच वाईट वाटतं. बरं, गोमेझचं नावसुद्धा टेक्सासच्या सेलेना क्विंटानिला या गायिकेवरून ठेवलेलं, म्हणजे सुरुवात तिच्यापासून नाहीच.